बास ऐकू येत नाही: एका हायस्कूल बँडचं प्रकरण

ऑक्टोबरातल्या एका स्पर्धेहून परत येताना आमच्या शाळेच्या बँड डिरेक्टरच्या हातात तीन परीक्षकांचे तीन कागद होते. अक्षरं वेगळी, पण शेरा तिन्हींवर सारखाच: बास ऐकू येत नाही. बास म्हणजे व्हायोलिनसारख्या घडणीचं, पण जमिनीवर उभं करून वाजवायचं, खालच्या स्वरांचं मोठं वाद्य. ते वाजवते माझी मुलगी. वय १६, उंची पाच फूट दोन इंच, आणि वाद्य तिच्यापेक्षा चांगलंच उंच. गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. घराच्या वळणावर आल्यावर एवढंच म्हणाली, "बाबा, मी वाजवत होते."

त्या एका शेऱ्यामुळे पुढच्या चार महिन्यांत काय काय झालं, आणि फेब्रुवारीत आयडाहो विद्यापीठाच्या जाझ महोत्सवात एका सकाळी त्याचा उलगडा कसा झाला, त्याचं हे प्रकरण. मी संगीतशिक्षक नाही. सिएटलजवळच्या एका सरकारी हायस्कूलच्या जाझ बँडचा पालक-स्वयंसेवक आहे. बस ठरवायची, सँडविचं मोजायची, वाद्यं चढवायची-उतरवायची. पण तीन वर्षं मागच्या खुर्चीवर बसून या मुलांच्या तालमी ऐकल्या आहेत, आणि या प्रकरणातल्या चुकीला माझाही हातभार लागला होता.

बँड १८ जणांचा. पाच सॅक्सोफोन, चार ट्रॉम्बोन, पाच ट्रम्पेट, आणि लय सांभाळणारे चौघे: पियानो, गिटार, बास, ड्रम्स. तालीम सकाळी पावणेसातला, शाळा भरण्याआधी. तिला 'झीरो पीरियड' म्हणतात. हिवाळ्यात त्या वेळी बाहेर मिट्ट काळोख असतो, आणि तरीही मुलं येतात. ज्यांना वाटतं अमेरिकेतली मुलं कष्ट करत नाहीत, त्यांनी एकदा डिसेंबरात आमच्या शाळेच्या पार्किंगमध्ये उभं राहावं.

शेरा वाचून डिरेक्टरने जे केलं ते कोणीही केलं असतं. बास ऐकू येत नाही ना, मग आवाज वाढवा. शाळेचा जुना ॲम्प, म्हणजे वाद्याचा आवाज विजेवर वाढवणारी पेटी, लहान होता, म्हणून पालक मंडळाने वर्गणी काढून नवा, मोठा घेतला. दुकानातून आणून बँडच्या खोलीत तो मीच ठेवला. पहिल्याच तालमीत फरक कळला. खालचे स्वर छातीत घुमायला लागले. आम्ही खूश.

जानेवारीतल्या दुसऱ्या स्पर्धेचे कागद आले. या वेळी बासबद्दल एक अक्षर नव्हतं. शेरे होते ते असे: आवाज फार मोठा, लय धावते, लयविभाग एकत्र नाही. डिरेक्टरने मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र, लावून तालमी घेतल्या. मेट्रोनोम चालू असेपर्यंत सगळं ठीक असे, तो बंद केला की गाडी पुन्हा उताराला लागे. माझ्या फोनमध्ये त्या तालमींची रेकॉर्डिंगं आहेत. बारा बारचा ब्लूज, म्हणजे चार-चार मात्रांचे बारा खंड, ४८ मात्रांचं आवर्तन. पहिलं आवर्तन आणि शेवटचं आवर्तन लांबीला कधीच सारखं भरत नसे. प्रत्येक फेरीत काही क्षण गळत.

मुलं एकमेकांवर खापर फोडायला लागली. ट्रम्पेटवाले म्हणत ड्रमर धावतो, ड्रमर म्हणे ब्रासमुळे, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाल्यांमुळे. माझी मुलगी काहीच म्हणत नसे, कारण तिच्याबद्दलची तक्रार आता मिटली होती. निदान कागदावर तरी.

हे सगळं घेऊन आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी मॉस्कोला निघालो. रशियातलं नव्हे, आयडाहो राज्यातलं. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. सिएटलहून जवळपास ३०० मैल. स्नोक्वाल्मी खिंडीतला बर्फ ओलांडायचा, व्हँटेजला कोलंबिया नदी पार करायची, आणि मग २६ नंबरच्या रस्त्याने ऑथेलो, वॉशटक्ना, कोलफॅक्स. पुढे पलूसचा प्रदेश लागतो: एकामागे एक गव्हाच्या टेकड्या, मऊ गोलाई असलेल्या. याच टेकड्यांवर मसूरही पिकते. मुलं बसमध्ये होती. मी मागून मिनीव्हॅनमध्ये, सीटा पाडून बास आडवा ठेवलेला आणि त्याच्या कुशीत ॲम्प.

अशा आडगावात जाझचा महोत्सव का, हा प्रश्न वाटेत मला पडलाच. आयडाहो विद्यापीठ १८८९ सालचं. तिथे १९६७ मध्ये शाळकरी बँडांसाठी एका दिवसाचा जाझ महोत्सव सुरू झाला. पुढे लिन स्किनर, ज्यांना सगळे 'डॉक' म्हणत, यांनी तो हाती घेतला आणि २००७ पर्यंत, जवळपास तीन दशकं, चालवला. त्यांचा हिशेब सरळ होता. मुलांना मोठ्या कलावंतांकडे नेता येत नसेल, तर मोठ्या कलावंतांना मुलांकडे आणायचं. एला फिट्झजेराल्ड इथे गाऊन गेल्या. १९८४ मध्ये व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काड्यांनी वाजवायचं वाद्य, वाजवणारे लायनेल हॅम्प्टन आले आणि त्यांचा जीव या जागेत अडकला. १९८५ पासून महोत्सवाला त्यांचं नाव आहे, आणि १९८७ मध्ये विद्यापीठाच्या संगीत विभागालाही त्यांचंच नाव दिलं गेलं. हॅम्प्टन २००२ मध्ये, ९४ व्या वर्षी गेले. २००७ मध्ये या महोत्सवाला अमेरिकेचं राष्ट्रीय कला पदक मिळालं.

हॅम्प्टन यांचा जीव इथे का अडकला असेल, याचं एक उत्तर मला त्यांच्या चरित्रात सापडतं. ते शिकागोत वाढले. 'शिकागो डिफेंडर' हे कृष्णवर्णीयांचं मोठं वर्तमानपत्र. ते विकणाऱ्या पोरांचा एक बँड होता आणि मेजर एन. क्लार्क स्मिथ नावाचे शिस्तीचे मास्तर तो चालवत. त्या बँडमध्ये हॅम्प्टन ड्रम वाजवत. पुढे १९३० मध्ये ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगबरोबर ध्वनिमुद्रण, १९३६ मध्ये गोरे क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या चौकडीत जागा. गोरे-काळे एका मंचावर बसून वाजवत नसत त्या काळात ही चौकडी जाहीरपणे एकत्र वाजवत होती. पण सुरुवात झाली ती पोरांच्या बँडमध्ये, एका मोठ्या माणसाने जवळ उभं राहून शिकवल्यामुळे.

आपल्याकडेही हे असंच घडलेलं आहे. १९३५ मध्ये अमेरिकन जाझवादक लिऑन ॲबी आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले, त्यांच्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेली मुलं तेव्हा मुंबईत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवत होती. जाझची ढब त्यांच्या हाती आली ती अशा माणसांना प्रत्यक्ष ऐकून, त्यांच्याशेजारी बसून. त्यांच्यापैकीच आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, पुढे सी. रामचंद्रांबरोबर काम करायला लागले. माझे वडील ज्या चालींवर पुण्यात रेडिओसमोर बोटं वाजवत, त्यांच्यातला ट्रम्पेट त्या वाटेने आलेला होता. नात आज तेच संगीत वाजवते हे बघायला ते असायला हवे होते.

आता ती सकाळ.

महोत्सवाच्या दिवसांत सगळं विद्यापीठ बँडमय होतं. सभागृहं, वर्गखोल्या, गावातली चर्चं, जिथे पियानो मावेल तिथे काहीतरी चालू. बर्फातून सॅक्सोफोनची पेटी छातीशी धरून पळणारी मुलं, दारावर वेळापत्रक, आत परीक्षक. आमची वेळ सकाळची होती. तीन रचना वाजवल्या. पहिली काउंट बेसी या जुन्या जाझ बँडप्रमुखाच्या वळणाचा मध्यम लयीतला ब्लूज, दुसरी संथ, तिसरी द्रुत. ब्लूज नेहमीसारखा धावला. मी बसल्या जागी पायाने ठेका धरला होता, चौथ्या आवर्तनात पाय मागे पडायला लागला.

वादन झाल्यावर टाळ्या, आणि मग मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ती पंचवीस मिनिटं. परीक्षकांपैकी एक जण पुढे आले. वय सत्तरीच्या आसपास, स्वतः बासवादक, अंगात लोकरी स्वेटर. त्यांच्या हातात कागद नव्हता. त्यांनी गुणांचा विषय काढलाच नाही. सरळ माझ्या मुलीला विचारलं, "लय तू कुणाकडून घेतेस?"

"ड्रम्सकडून."

मग ड्रमरकडे वळले. "आणि तू?"

तो मुलगा जरा अडखळला. "बासकडून घ्यायची असते. पण मला नुसती घरघर ऐकू येते. मात्रा कुठे पडते ते कळत नाही."

खोलीत कोणी बोललं नाही. चार महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ते गृहस्थ शांतपणे ॲम्पपाशी गेले आणि त्यांनी बटण दाबलं. त्याचा छोटा निळा दिवा विझला. माझ्या पोटात खड्डा पडला, खोटं कशाला सांगू.

मुलीने विचारलं, "मग मी ऐकू कशी येणार?"

ते म्हणाले, "ते या सतरा जणांनी बघायचं."

नंतर त्यांनी माणसं हलवली. बास ड्रम्सच्या अगदी जवळ, हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या झांजांच्या जोडीच्या, बाजूला, इतका की ड्रमरला तिची बोटं दिसावीत. पियानो ओढून जवळ. गिटारचाही ॲम्प जवळजवळ बंद. मागे उंचावर उभे असलेले ट्रम्पेटवाले खाली बोलावून बासभोवती अर्धवर्तुळात. त्यांनी मुलांना सांगितलं की बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन नावाचे गिटारवादक १९३७ पासून थेट १९८७ पर्यंत बसले, आणि विजेशिवायच्या साध्या गिटारवर प्रत्येक बारला चार ठोके देत राहिले. एवढ्या ब्रासच्या गदारोळात ते वेगळे क्वचितच ऐकू येत, पण ते थांबले असते तर सगळ्यांना कळलं असतं. बासही त्या काळी ॲम्पशिवायच वाजे. तेव्हाचे बँड काही हळू वाजवत नसत, पण कुठे खाली यायचं हे त्यांना ठाऊक होतं.

पहिला प्रयत्न पार फसला. ट्रम्पेटवर वरचा स्वर हळू लावणं फार अवघड. फुंक कमी केली की स्वर फाटतो, वाढवली की बास बुडतो. आठव्या बारला मुलं थांबली. मग त्यांनी वाद्यं मांडीवर ठेवायला लावली आणि सगळ्यांना आपापली ओळ गायला सांगितली. खाली फक्त बास, आणि ड्रमरकडे फक्त राइड झांज. पायातला मोठा ड्रम त्याने इतका हलका वाजवायचा की पीस टेकवल्यासारखा. अठरा मुलांची गाणी काही फार सुरेल नव्हती, पण लय जागेवर बसली. कोणी सांगितलं नाही, तरी मुलांच्या चुटक्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडायला लागल्या. आपण समेवर टाळी देणारी माणसं, मला ते अजून जमत नाही. या मुलांच्या अंगात ते शिरताना मी पाहिलं.

तेवढ्यात त्यांनी मुलीचा उजवा हात पाहिला. ती बोटाच्या टोकाने तार छेडत होती. त्यांनी तिचं तर्जनीचं बोट आडवं केलं, म्हणजे कडेचा मांसल भाग तारेवर यावा, आणि सगळा हात खांद्यापासून सैल सोडायला सांगितला. तार बोटाने ओढायची नाही, हाताचं वजन तिच्यावर टाकायचं. तिने तसं केलं आणि स्वराच्या सुरुवातीला एक 'टप्' आला. लाकडाचा, बोटाचा, स्पष्ट. ड्रमरने मान वर केली. मी हे अगदी समोरून पाहिलं: त्याच्या काडीचं टोक आणि तिचं बोट यांच्यातलं अंतर दोन-तीन मात्रांत मिटलं.

ते वाकले आणि तारांखाली बोट घालून बघितलं. तारा पट्टीला जवळजवळ चिकटलेल्या होत्या. शाळेने बास आणला तेव्हा दुकानदाराने मुलांना सोपं जावं म्हणून घोडी, म्हणजे तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा, खाली उतरवून दिली होती. ॲम्प असला की हे चालून जातं, कारण जोर वीज लावते. ॲम्प काढला की अशा तारेतून आवाज निघत नाही, ती नुसती पट्टीवर खडखडते. घोडीला उंची कमी-जास्त करायच्या चकत्या होत्या. त्या त्यांनी थोड्या फिरवल्या. "आठवडाभर बोटं दुखतील," म्हणाले. तिने मान डोलावली.

शेवटी संपूर्ण ब्लूज, अर्ध्या आवाजात. बास हळूच होता, पण प्रत्येक मात्रा ऐकू येत होती, आणि ती ऐकू येत राहावी म्हणून सतरा मुलं वाजवता वाजवता कान देऊन होती. शेवटच्या आवर्तनात ब्रासने आवाज वाढवला तेव्हाही माझा पाय मागे पडला नाही.

प्रकरण म्हणून आता उलगडून बघू. लहान ॲम्पवर बास ऐकू येत नव्हता हे खरं होतं. त्या परीक्षकांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. पण बास ऐकू न येण्याची कारणं तीन होती: तारा खाली, बोट टोकावर, आणि बाकीचे फार मोठ्याने. आम्ही चौथ्याच गोष्टीवर पैसे खर्च केले. मोठ्या ॲम्पने खालची गुंज वाढवली आणि स्वराची सुरुवात, जिथे मात्रा असते, ती त्या गुंजेत बुडवली. ड्रमरला आधार मिळेना. आधार नसला की तरुण वादक जवळच्या सगळ्यात मोठ्या आवाजामागे जातो, आणि सोळा वर्षांच्या हातात आवाज वाढला की लय वाढतेच. मेट्रोनोमने ते झाकलं, बरं केलं नाही. कागदावरच्या एका ओळीत यातलं काहीही मावलं नसतं. त्यासाठी कुणीतरी त्या मुलीचं बोट बघावं लागतं.

म्हणूनच विद्यापीठाने भरवलेल्या महोत्सवाचं मोल मला वेगळं वाटतं. इतक्या खोल्या, इतके पियानो, शिकवणारे प्राध्यापक आणि आयुष्यभर वाजवलेली माणसं एकाच आवारात, चालत जाण्याच्या अंतरावर, शाळेला कधीच मिळत नाहीत. नुसत्या स्पर्धा घेणाऱ्यांना वेळेचं गणित सांभाळावं लागतं. बँड आला, वाजवला, पुढचा. इथे वेळ शिकवण्यासाठी राखलेला होता. यात विद्यापीठाचा स्वार्थ आहेच. हीच मुलं दोन वर्षांनी कॉलेज निवडणार असतात आणि आवार एकदा पायाखालून गेलेलं असतं. मला त्यात गैर काही दिसत नाही.

गैर दिसतं ते दुसरीकडे. बस, हॉटेलच्या खोल्या, जेवण, प्रवेश शुल्क मिळून जो खर्च येतो तो आमच्या पालक मंडळाला झेपला. आमच्यापासून वीस मैलांवरच्या एका शाळेला झेपला नाही, आणि त्यांचा ड्रमर आमच्यापेक्षा चांगला आहे. अशा मुलांपर्यंत तो स्वेटरवाला माणूस पोचत नाही. पुढच्या वर्षी आमच्या बसमध्ये त्यांच्यासाठी जागा ठेवायची, असं मी मंडळात मांडलं आहे. अजून हो म्हटलेलं नाही, पण मी पाठ सोडणार नाही.

महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्यांनी परत आल्यावर विचारलं, कॉलेजच्या अर्जात याचा उपयोग होतो का? होत असेल. मी मुलीला तसं कधी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

मॉस्कोहून आम्ही बक्षीस आणलं नाही. बोटांना फोड मात्र आले. पहिले दहा दिवस ती रोज रात्री बोटांना पट्टी बांधून झोपत होती. घोडी नंतर एका वाद्यदुरुस्तीवाल्याकडून नीट बसवून घेतली. डिरेक्टरने तालमीची सुरुवात बदलली. आता सकाळी पावणेसातला पहिली दहा मिनिटं सगळे गातात, बास आणि झांजेवर. सगळं सुटलं असं मात्र नाही. द्रुत रचना अजून धावते. ट्रम्पेटच्या पोरांना हळू वाजवणं अजून जिवावर येतं. व्यायामशाळेच्या मोठ्या हॉलमध्ये ॲम्प लावावाच लागतो, फक्त आता तो लहान आवाजात असतो.

मे महिन्यात शाळेचा वर्षअखेरीचा कार्यक्रम झाला, सभागृहात, ॲम्पशिवाय. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. ब्लूज सुरू झाला आणि पहिले चार बार मला बास ऐकूच आला नाही. मंचावर मुख्य ट्रम्पेटवाल्या मुलाने खाली बघितलं, वाद्याचं तोंड थोडं झुकवलं, त्याच्या शेजारच्यांनीही झुकवलं. पाचव्या बारपासून तो 'टप्' माझ्यापर्यंत यायला लागला.